निकम हवालदारांचे कान

निकम हवालदार बंद पडलेल्या गाडीचं बॉनेट आधी उघडत नसत. ते गाडीभोवती चालू लागत. एक फेरी, दुसरी, तिसरी. हात पाठीमागे, मान किंचित खाली, पंचनाम्याला आल्यासारखे. गाडीचा मालक त्यांच्या मागोमाग फिरत गाडी कुठे थांबली, आधी कसा आवाज आला, मेव्हण्याने काय सुचवलं, हे सगळं सांगत असायचा. तिसऱ्या फेरीनंतर हवालदार थांबायचे आणि म्हणायचे, "मालक, तुमी जरा तिकडं लिंबाखाली उभं ऱ्हावा. तुमी बोलाय लागला की हिला बोलता येत न्हाई."

सात वर्षांपूर्वी त्या लिंबाखाली मी पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला राग आला होता. मी सांगलीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवत होतो आणि घर साताऱ्यात होतं. सोमवारी पहाटे जायचं, शनिवारी दुपारी परतायचं, असा माझा वर्षानुवर्षांचा क्रम. गप्प उभे राहा, असं मला घराबाहेर कोणी सांगितलं नव्हतं. माझी गाडी तेव्हा अठरा वर्षांची होती. उंब्रजच्या अलीकडे तिने चालता चालता दोन आचके दिले आणि ती थांबली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेट घ्यायचं नाही. उसाची रिकामी ट्रॉली घेऊन चाललेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून गाडी ओढली आणि मला न विचारता एका पत्र्याच्या शेडसमोर आणून सोडली. "हवालदारांकडं दिलीया," एवढंच बोलून तो निघून गेला. मला एखाद्या इस्पितळात भरती केल्यासारखं वाटलं.

हवालदारांनी मागचं दार उघडलं, मागची सीट उचलून बाहेर ठेवली, गुडघे टेकले आणि कान खालच्या पत्र्याजवळ नेला. शेडमधून त्यांच्या पत्नी शालनवहिनी पदराला हात पुसत आल्या आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मागे उभ्या राहिल्या.

"मालक, आता निसती चावी फिरवा. सेल्फ मारायचा न्हाई. निसती चावी."

मी चावी फिरवली. काहीच झालं नाही.

"बंद. परत फिरवा."

परत काही नाही. हवालदार उठले. "मुका झालाय," ते म्हणाले.

पेट्रोलच्या टाकीत एक पंप बुडालेला असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चावी फिरवली की इंजिन सुरू होण्याआधी तो दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि पेट्रोल पुढे ढकलून ठेवतो. "त्यो बोलला तर गाडी चालनार," हवालदार म्हणाले. "त्यो मुका, तर तुमी इंजिनाला हार घाला न्हाईतर नारळ फोडा."

मग त्यांनी बॅटरीची तार काढली, चारही दारं सताड उघडली, वाळूची बादली जवळ ओढली. बिडी ओढत बघायला आलेल्या शेजाऱ्याला ते म्हणाले, "तात्या, तुमाला वर जायची घाई आसंल तर जावा. मला आजून दोन गाड्या करायच्या हायत." तात्या रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन ओढू लागले. टाकीच्या तोंडावरचं झाकणाचं कडं हवालदारांनी लाकडाचा ठोकळा लावून, त्यावर हलके ठोकत फिरवलं. लोखंडाने लोखंडावर मारायचं नाही, ठिणगी उडते. पंप वर आला तेव्हा माझी थोडी निराशाच झाली. एवढा अडवून धरणारा प्राणी म्हणजे मुठीत मावणारी एक नळी आणि तिच्या खाली जाळीची मळकी पिशवी.

नवा पंप बसवून झाल्यावर त्यांनी जुना पुसला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"याचं मी काय करू?"

"काय बी करा. जुना पार्ट मालकाचा. पलटणीत जुना जमा केल्याबिगर नवा मिळत नव्हता. हितं मालक तुमी, तवा जमा तुमच्याकडं. उद्या कुनी म्हनाय नको, निकमानं चांगला काढला आन दुसराच घातला."

खांद्यावरचा तो हात माझ्या लक्षात राहिला होता. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाच्या खोडीप्रमाणे मी त्यातून सहजीवनाविषयी काही उदात्त निष्कर्ष काढले आणि पुढच्या सोमवारी ते स्टाफरूममध्ये ऐकवलेही. ते सगळे चुकीचे होते. हवालदारांना तेव्हाही पंपाचा आवाज ऐकू येत नव्हता. वहिनींना येत होता. पंप गुणगुणला की त्या खांदा दाबायच्या. नाही गुणगुणला की हात नुसता ठेवलेला. चोवीस वर्षं तोफखान्याच्या गाड्या दुरुस्त करून हवालदारांच्या कानांनी आपली सेवानिवृत्ती परस्पर घेतली होती, आणि ही गोष्ट त्या दोघांखेरीज कोणालाही माहीत नव्हती.

माहीत होऊन चालणारही नव्हतं. साताऱ्यापासून सांगलीपर्यंतच्या रस्त्यावर हवालदारांचं नाव होतं ते कानांसाठी. शिकलेले मेकॅनिक गल्लोगल्ली होते, मशीन लावून बिघाड वाचणारी मोठी दुकानं कराडात होती. जुन्या गाडीवाले उंब्रजला थांबायचे ते 'हवालदार ऐकून सांगतात' म्हणून. कान गेल्याचं कळलं असतं तर शेडला कुलूप लागलं असतं, आणि हवालदारांना घरी बसावं लागलं असतं. बसणं ही एकच गोष्ट त्यांना येत नव्हती.

हे मी अलंकारिक बोलत नाही. सहा वर्षांच्या ओळखीत मी त्यांना खुर्चीवर पाहिलं नाही. शेडमध्ये एक खुर्ची होती, ती गिऱ्हाइकासाठी. भाकरी ते उभ्याने खायचे, डावा हात टपावर ठेवून. चहाची बशी घेऊन ते शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, आणि परत येईपर्यंत बशी रिकामी झालेली असायची. माझ्यासारखा माणूस त्यांच्याशी बोलायला गेला की त्यालाही चालावं लागायचं. मी त्यांच्याशी केलेल्या सगळ्या गप्पांची बेरीज काही मैल भरेल. पलटणीतून सुटून आल्यावर ते पंधरा दिवस घरी राहिले होते. त्या पंधरा दिवसांत त्यांनी उसाचा बांध दोनदा नीट केला, भावकीतल्या लोकांचाही एकदा न सांगता नीट केला आणि त्यावरून भांडण झालं. गोठ्याची दारं उलटी बसवली, मग सुलटी बसवली. सोळाव्या दिवशी वहिनी त्यांना म्हणाल्या, "आवं, हायवेला जागा बगा. न्हाईतर मी म्हायेरी जाती." शेड उभी राहिली ती अशी.

त्यांना दिमाखाचं वावडं होतं, पण ते कधी वाद घालत नसत. एकदा लांबलचक काळी गाडी घेऊन एक पुढारी आले. पांढरे कपडे, मागे चार माणसं, आणि त्यातला एक माणूस साहेबांची ओळख करून देण्यासाठीच ठेवलेला. त्याने ओळख सुरू केली. हवालदार तोवर दुसरी फेरी संपवून आले होते. "साहेबांचं समजलं," ते म्हणाले. "आता गाडीचं नाव सांगा." कराडच्या दुकानातला एक तरुण आपलं मशीन दाखवायला आला होता, त्याच्याशी मात्र ते अर्धा तास आदराने बोलले. नंतर मी खोचकपणे विचारलं, तर म्हणाले, "ते वाचतं, मी ऐकतो. चूक करायची मुभा दोघांना बी हाय, सर. ते चुकलं तर त्याला लाज वाटत न्हाई, एवडाच फरक."

त्यांची चूक झाली ती तीन वर्षांपूर्वी, आणि तीत माझा वाटा होता.

मार्च महिना होता. उन्हात तापली की गाडी थांबायची, तासाभराने आपोआप सुरू व्हायची. दोन शनिवार असे गेले. तिसऱ्या शनिवारी ती कशीबशी उंब्रजला आणली. वहिनी नव्हत्या. तासगावला त्यांच्या भावाची बेदाण्याची शेड आहे. हंगामात त्या आठ-दहा दिवस तिकडे जायच्या. हवालदार त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त चालत होते. फेऱ्या तीनाच्या पाच झाल्या. मग त्यांनी सीट काढली, कान लावला.

"निसती चावी, सर."

मी चावी फिरवली आणि मला आवाज ऐकू आला. शेजारच्या खोलीत डास असावा एवढाच, पण स्पष्ट. दोन सेकंद, मग बंद.

"परत."

पुन्हा तोच आवाज. हवालदार उठले, हात झटकले. "मुका झालाय," ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. यावर मी नंतर बराच विचार केला आहे. तीस वर्षं मी वर्गात उभा राहून, कागदावर पुरावा नसेल तर राजाचंही मानू नका, असं सांगत आलो. आणि इथे माझ्या स्वतःच्या कानांचा पुरावा होता, समोर राजा नव्हता, ग्रीसने माखलेला एक म्हातारा माणूस होता, आणि मला वाटलं की आपलंच ऐकण्यात चुकलं असेल. आपल्याकडे मेकॅनिकला, वैद्याला आणि लग्न जमवणाऱ्याला मध्येच कोणी टोकत नाही. त्यांनी दोन तास खपून चांगला पंप काढला, नवा घातला, आणि नेहमीसारखा जुना वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हवाली केला. मी तो डिकीत टाकला. गाडी छान चालू लागली. मी स्वतःवर खूश झालो की बरं झालं, बोललो नाही.

मंगळवारी दुपारी सांगलीत, कॉलेजच्या फाटकासमोर, ती पुन्हा थांबली.

पुढच्या शनिवारी मी उंब्रजला पोचलो तेव्हा वहिनी परत आल्या होत्या. हवालदारांनी कान लावला, वहिनींनी खांद्यावर हात ठेवला, मी चावी फिरवली. वहिनींचा हात दाबला गेला. मी ते आरशात पाहिलं.

"बोलतोय," हवालदार म्हणाले, आणि गोंधळले. बोलणारा पंप नवा होता, गाडी तरी थांबत होती. फेऱ्या सुरू झाल्या. एकदम थांबून त्यांनी विचारलं, "सर, जुना कुठाय?"

तो आठवडाभर डिकीत पडून कोरडा ठणठणीत झाला होता. हवालदारांनी तो शेडच्या मागे, उघड्यावर, फरशीवर ठेवला आणि लांब तारांनी क्षणभर बॅटरीला जोडला. वहिनी तीन हातांवर उभ्या होत्या. त्यांचा हात या वेळी खांद्यावर नव्हता. पंप गुणगुणला. वहिनींनी तोंडावर पदर घेतला.

"काय झालं?" हवालदारांनी विचारलं.

"बोलतोय."

"काय?"

"आवं, बोलतोय म्हनलं. ह्यो बी बोलतोय. ह्यो जुना."

हवालदारांनी तारा पुन्हा टेकवल्या आणि या वेळी पंपावर बोट ठेवलं. थरथर बोटाला कळली. त्यांनी तारा लगेच सोडवल्या. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी तुमाला ऐकू आलं हुतं?"

"हो."

"मग?"

वहिनींनीच मला वाचवलं. "पाच वर्सं झाली, सर," त्या म्हणाल्या. "मानसाचं बोलनं कळतंय. बारीक आवाज न्हाई कळत. मी खांद्याव हात ठेवती, त्यावर चाललंय. कुनाला बोलू नका."

"कानात घालायचं यंत्र मिळतं की," मी म्हणालो.

"आनलं हुतं," हवालदार म्हणाले. "त्यात समदंच बोलतंय. हायवे बी बोलतोय, कोंबड्या बी बोलत्यात, ही बी बोलतीया. त्यात गाडी कोनती ते कळंना."

"मग ते माळ्याव ठेवलं," वहिनी म्हणाल्या. "ऐकू येतंय म्हनल्याव माझं ऐकाय लागलं आसतं ना."

खरा दोष त्यांनी वीस मिनिटांत काढला. पंपाची अर्थिंगची वायर डिकीच्या चटईखाली जिथे पत्र्याला जोडलेली असते, तिथे गंज चढला होता. तापलं की ती जोड सुटायची. सॅंडपेपरने पत्रा चकचकीत घासला, जोड नव्याने आवळली. माझं काम संपलं होतं, पण त्यांचं नाही. त्यांनी नवा पंप पुन्हा बाहेर काढला आणि जुना टाकीत परत घातला. मी म्हणालो, राहू द्या, नवा काय वाईट आहे. त्यांनी ठोकळा लावला, ठोकायला सुरुवात केली आणि म्हणाले, "न्हाई. ज्याला मुका म्हनलो त्यालाच बसवनार."

त्या दिवसापासून उंब्रजवरून जाताना मला एक अस्वस्थता वाटायची. दुसऱ्याचं गुपित सांभाळणं हे काही कष्टाचं काम नाही, पण ते माणसाला गाडीत आरामात बसू देत नाही. कोणी स्टाफरूममध्ये हवालदारांच्या कानांची तारीफ केली की मी उठून खिडकीपाशी जायचो.

आणि त्यातच त्यांचा सत्कार ठरला.

गावात एक प्रतिष्ठान होतं. त्याच्या संस्थापकांना सगळे दादा म्हणत, वय एकतीस. निवडणुका जवळ आल्या की दादांना थोर माणसं सापडू लागायची. त्यांनी हवालदारांना 'यंत्रमहर्षी' ही पदवी द्यायचं ठरवलं. हायवेवर फ्लेक्स लागला. त्यावर दादा कमरेपर्यंत होते, हवालदार गळ्यापर्यंत, तेही तीस वर्षांपूर्वीच्या फोटोत, आणि खाली शुभेच्छुकांच्या डोक्यांच्या दोन रांगा होत्या. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी प्राध्यापक होतो आणि उंब्रजवरून येऊन-जाऊन होतो.

मी ते लिहिलं. इथे माझी बाजू सावरण्यासारखं काही नाही. मानपत्राची एक भाषा असते. ती सुरू केली की हात आपोआप पुढे जातो. 'आपल्या अलौकिक श्रवणशक्तीने आपण मूक यंत्रांना वाचा दिली,' हे वाक्य मी सगळं माहीत असताना लिहिलं. वर स्वतःची समजूत घातली की कान वगळले तर लोकांना संशय येईल, म्हणजे मी हे त्यांच्या भल्यासाठीच करतो आहे. हवालदारांनी फोनवर विचारलं, "सर, काय लिवलंय?" मी म्हणालो, "नेहमीचंच." त्या अर्थाने ते खोटं नव्हतं.

सत्कार सकाळी अकराला होता, म्हणजे दीडला सुरू झाला. मांडवात पुढे सोफे, मागे खुर्च्या, डावीकडे बायकांची बसायची जागा. सूत्रसंचालकाने प्रत्येक पाहुण्याला चार-चार ओळींच्या कवितेतून आणलं. हवालदारांना मधल्या खुर्चीवर बसवण्याचे तीन प्रयत्न झाले. ते माइकच्या स्टँडशेजारी उभे राहिले. शाल आली, फेटा आला, मानपत्राचं वाचन झालं. 'श्रवणशक्ती'पाशी टाळ्या पडल्या. हवालदारांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बारीक आवाज कळत नसले तरी लाउडस्पीकर कळत होता.

मग दादांनी माइक घेतला. त्यांच्या वडिलांची जुनी पांढरी गाडी झेंडूच्या माळा घालून मांडवाशेजारी आणून ठेवली होती. "आता यंत्रमहर्षी आपल्याला प्रत्यक्ष दाखवतील," दादा म्हणाले, "की गाडीचा आजार ते नुसत्या कानांनी कसा ओळखतात."

हवालदार मंचावरून उतरले. गाडीभोवती चालू लागले. पोरं मोबाइल उंच धरून मागे फिरत होती. मागची सीट माळांनी आणि रेशमी कापडाने झाकलेली. ती काढून बोट लावण्याची सोय नव्हती. त्यांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. वहिनी चौथ्या रांगेत होत्या, उठायला धडपडत होत्या, पण पुढे बायका-पोरांची दाटी होती आणि त्यांना कोणी वाट देत नव्हतं. हवालदारांनी मागच्या दारातून आत वाकून कान लावला. दादांच्या माणसाने चावी फिरवली.

मी आठ फुटांवर होतो. जनरेटर धडधडत होता, स्पीकर घोंगावत होता, बँडवाला मध्येच ढोलावर थाप मारून बघत होता. मला काहीही ऐकू आलं नाही. ऐकू येणं शक्यच नव्हतं, तिथल्या कोणालाही.

हवालदार ताठ उभे राहिले. "बोलतोय," ते म्हणाले. "गाडी चांगली हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. दादांनी त्यांना मिठी मारली. बँड सुरू झाला. हवालदारांचा चेहरा मी पाहिला आणि जेवण न करता साताऱ्याला निघून आलो.

यानंतर काय झालं ते आधी सांगून टाकतो, कारण मला शेवट त्याने करायचा नाही. ते मानपत्र शेडमध्ये लागलं, खुर्चीच्या बरोबर वर, गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जाईल तिथे. पुढचे आठ-दहा दिवस एकही गाडी आली नाही. हवालदार चालून चालून शेडच्या मातीत वाट पाडत होते. काही जुनी गिऱ्हाइकं कायमची कराडला गेली. मग एका दुपारी तासगावचा एक टेम्पोवाला थांबला, मानपत्र वाचलं, परत एकदा वाचलं आणि म्हणाला, "हवालदार, वहिनी घरात हायत न्हवं?" हवालदार म्हणाले, "हाय. बोलवतो. तवर बॅटरीची तार काडतो मी." शेड चालू राहिली. गेल्या वर्षी, गाडीखाली सरकण्यासाठी वाकले असताना, ते तिथेच गेले. वहिनींचा फोन आला तेव्हा त्यांनी मला एवढंच सांगितलं, "झोपून न्हाई ऱ्हावं लागलं, सर."

पण मला ते आठवतात ते सत्काराच्या दुसऱ्या दिवशीचे.

सकाळी साडेसात वाजता बेल वाजली. दारात हवालदार. पहिल्या एसटीने आले होते, काखेत चादरीत गुंडाळलेली फ्रेम. मी बसा म्हणालो, ही माझी सवय. ते बैठकीच्या खोलीत फिरू लागले, पुस्तकांच्या कपाटापासून खिडकीपर्यंत.

"हवालदार, कोणाला काही कळलेलं नाही," मी म्हणालो. "तिथे कोणालाच ऐकू येत नव्हतं."

"तेच," ते म्हणाले. "कुनालाच येत नव्हतं. समदी गप हुती. मी एकटाच खोटं बोललो." आणि चालत राहिले. "ती गाडी घेऊन आज दादांचा बाप कोल्लापूरला गेलाय. म्हनला, हवालदारांनी तपासल्याली हाय. रस्त्यात थांबली म्हंजी?"

मग त्यांनी चादर सोडली, खिशातून पेचकस काढला, माझ्या टेबलावर फ्रेम पालथी घालून तिची पाठ उघडली आणि मानपत्र काच बाजूला करून माझ्यासमोर ठेवलं.

"ह्यात दुरुस्ती करायची हाय. पेन घ्या."

"नवीन छापून देतो ना मी. दोन दिवसांत."

"नवीन न्हाई. पलटणीत गाडीची वही आसती, तिच्यात चूक झाली तर पान फाडायचं न्हाई, गिरगटायचं न्हाई. एक रेघ मारायची. खालचं वाचाय आलं पायजे. वर बराबर लिवायचं आन बाजूला सही." त्यांनी 'आपल्या अलौकिक श्रवणशक्तीने' यावर नख ठेवलं. "ह्याव रेघ. वर लिवा, पत्नी शालन हिच्या कानाने."

मी रेघ मारली. सोनेरी किनारीच्या त्या कागदावर निळी रेघ विचित्र दिसत होती. "'सहधर्मचारिणी' लिहू का?" मी विचारलं. "वाक्याला शोभेल."

"शालन लिवा."

"वहिनींना विचारलंत?"

"इचारलं. म्हनली, लिवा, पन शाई पक्की वापरा."

मी लिहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि समासात हळूहळू, एकेक अक्षर आवळत सही केली: आ. बा. निकम, हवालदार. मग पेन परत माझ्यापुढे धरलं.

"माझी कशाला?" मी म्हणालो. "सत्कार तुमचा आहे."

"लिवलं कुनी?"

"मी."

"तवा तुमाला ठाव हुतं?"

"होतं."

"मग."

मी सही केली. सवयीने तिच्याखाली 'प्राध्यापक' लिहू लागलो, तेवढ्यात त्यांनी टेबलावर बोटाने टकटक केली.

"हुद्दा बराबर घाला. कॉलेजातलं न्हाई. ह्या कागदाव तुमी कोन?"

ते खिडकीपर्यंत जाऊन परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले. शेवटी मी लिहिलं: गाडीमालक, ज्याला ऐकू आलं होतं.

हवालदारांनी ते ओठ हलवत वाचलं, शाईवर फुंकर मारली आणि काच बसवायला घेतली.